नावापुढचं अक्षर

मिठागरात पिकलेल्या पाण्याला वास येत नाही. कच्च्या पाण्याला येतो.

*

निवडणूक पहिली. पराभव. फरक दोन हजार तीनशे सात.

*

तमिळ शब्दाची सुरुवात 'र'नं होत नाही, असं शाळेतले मास्तर सांगत. रामय्या लिहायचं तर आधी 'इ' लावायची: इरामय्या. शिकलेले लावतात. बाकीचे रामय्याला रामय्याच लिहितात, आणि हाक मारली की तो तसाच येतो.

*

पूंकोडीच्या डाव्या टाचेत करंगळीचं टोक जाईल एवढी भेग होती. मेणबत्ती वितळवून तिनं ती भरली. चार दिवस टिकली.

*

निवडणूक दुसरी. विजय. फरक नऊ हजार आठशे चाळीस. मिरवणुकीत मिठागरातल्या एका माणसानं तेरा दिवसांचं मूल वर धरलं आणि ओरडला, नाव ठेवा! जीपवरून नवे आमदार म्हणाले, कुठलं ठेवू? माणूस म्हणाला, तुमचंच.

*

मासी महिन्यात समुद्रावर ढग नव्हता. नसलेला ढगही रोज बघावा लागतो.

*

निवडणूक सातवी. विजय. फरक सहाशे अकरा.

*

नेय्दल्मेडुच्या मिठागरात कालव्याच्या तोंडाशी असलेले सहा वाफे चेळियनकडे होते. तोंडाशी म्हणजे पाणी आधी तिथं येतं, आधी पिकतं, मीठ आधी धरतं. त्याच्या बापानंही तेच वाफे केले. जमीन सरकारची, पट्टा मुदलाळींचा, म्हणजे मालकांचा, आणि दरवर्षी तै महिन्यात कोणी कुठले वाफे करायचे ते मुदलाळी सांगणार. सांगणार म्हणजे त्यांचा मुनीम सबेसन सायकलवरून येऊन सांगणार. आमचा वाफा चेळियनच्या शेजारचा, मध्ये एक हातभर रुंदीचा बांध. त्यामुळे पुढचं बरंचसं मी बघितलेलं, ऐकलेलं आहे.

या वर्षी तै संपून मासी लागला तरी सबेसन काही सांगायला आला नाही. चेळियन आणि त्याची बायको पूंकोडी यांनी वाट न बघता तुडवायला सुरुवात केली. वाफ्याचा तळ पायानंच तुडवून घट्ट करायचा असतो. चिखल, वाळू, पुन्हा चिखल. दोघं एकमेकांचे खांदे धरून एका तालात पाय मारत सरकायची. दिवसाला अर्धा वाफा. सहा वाफ्यांना बारा दिवस लागले, आणि तेराव्या दिवशी पूंकोडीचे घोटे सुजून कांद्यासारखे झाले.

चौदाव्या दिवशी सबेसन आला. सायकल बांधावर आडवी ठेवली, धोतर वर खोचलं, आणि वाफ्याकडे बघत राहिला.

"छान तुडवलंय," तो म्हणाला. "कुणासाठी?"

चेळियन हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

"मुदलाळींनी अजून कुणाला काही दिलेलं नाही यंदा," सबेसन म्हणाला. "तोंडाचे वाफे तर चौघं मागतायत."

"अण्णे, बारा दिवस तुडवतोय आम्ही."

"तुडवायला मी सांगितलं होतं?"

पूंकोडीनं पाय वाफ्यातून काढला नाही. ती म्हणाली, "काय पाहिजे ते बोला ना, अण्णे. एवढ्या उन्हात सायकल मारत तुम्ही वाफे बघायला नाही आलात."

सबेसननं खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुझं पूर्ण नाव काय रे?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"इळंचेळियन."

"बापाचं?"

"रामय्या."

"म्हणजे इरा. इळंचेळियन." सबेसननं ते दोनदा म्हणून पाहिलं, खारवलेली कैरी जिभेवर ठेवून बघावी तसं. "आपले आमदार कोण? इरा. इळंचेळियन. त्यांचा बाप इरामनादन. अख्ख्या मतदारसंघात या नावाचे दोनच. एक विधानसभेत, एक चिखलात."

*

नावापुढे बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावायची आमची रीत. आडनाव नसतं. एका अक्षरात बाप मावतो.

*

दुपारी घरी आंबवलेला भात आणि भाजलेली सुकी मासळी होती. चेळियनची आई अंजलै वाढत होती आणि ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"आमदारांच्या विरोधात उभा राहणार तू?"

"विरोधात नाही, अम्मा. नुसता उभा. भाषण नाही, काही नाही. सबेसन म्हणतो, फॉर्म भर आणि घरी बस."

"नुसता कसा? त्यांच्याच नावानं?"

"माझंही तेच नाव आहे."

"ते त्यांनी दिलंय तुला! गळ्यातला हार काढून तुझ्या अंगावर टाकला त्यांनी. झेंडूची पाकळी तुझ्या नाकात गेली, तू शिंकलास. तुझा बाप मरेपर्यंत सांगत होता, माझं पोरगं आमदारांच्या नावाला शिंकलं."

पूंकोडी दाराशी पाय पसरून बसली होती. घोट्यांवर तिनं ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या होत्या. "सासूबाई, नावानं मीठ पडत असेल तर सांगा. मी उद्यापासून तुडवायला जात नाही. बांधावर बसून नाव घेते."

"तुला काय कळतंय? तू पल्याडच्या गावची."

"पल्याडच्या गावचे पाय पण सुजतात."

चेळियन जेवला नाही. हात भातात तसाच ठेवून बसला. मग म्हणाला, "नाही म्हटलं तर सहा वाफे जातील. मग काय करायचं, ते दोघींनी मिळून सांगा."

अंजलैनं भाताचं भांडं उचलून आत नेलं.

*

निवडणूक चौथी. पराभव. फरक पंधरा हजार पाचशे. त्या वर्षी लाट होती. लाट असली की माणसाचा दोष नसतो, असं आमदार नंतर प्रत्येक सभेत म्हणत.

*

सही करायला चेळियनला शिकवावं लागलं. म्हणजे त्याला लिहिता येत होतं, पाचवीपर्यंत शाळेत गेला होता. पण तो रा. इळंचेळियन लिही. बाप रामय्या, म्हणून रा. सबेसनला ते चालेना.

"इ लाव आधी. आमदार इरा. लिहितात. यंत्रावर अजून फोटो येत नाही, नाव असतं आणि चिन्ह असतं. नाव डोळ्याला तेच दिसायला हवं. इकडचं तिकडे एक अक्षर नको."

"मी कधी इ लावली नाही, अण्णे."

"मग आता लाव. बापाला थोडा शिकलेला कर."

सबेसननं बांधाच्या ओल्या चिखलात काडीनं लिहून दाखवलं. चेळियननं खाली गिरवलं. पुन्हा गिरवलं. तो वाकून लिहीत होता, पूंकोडी कालव्याची फळी उचलून वाफ्यात पाणी घेत होती, आणि पाणी बांधाशी येऊन ती अक्षरं पुसत होतं. आठ-दहा वेळा लिहिल्यावर सबेसन म्हणाला, चालेल.

फॉर्मवर दहा सूचक लागतात. सबेसननं नेय्दल्मेडुतलेच दहा घेतले. त्यांनाही वाफे होते. त्यांतली एक सही माझी.

चिन्ह मागितलं टेबलावरचा दिवा. आमदारांच्या पक्षाचं चिन्ह समई. पस्तीस वर्षं पक्षाचे लोक गावोगाव ओरडत आलेत, दिव्याला मत द्या, दिव्याला मत द्या. आता दिवे दोन होणार होते. आमच्या गावात एकाही घरात टेबल नव्हतं.

संध्याकाळी सबेसन सांगून गेला, सहा वाफे तुझेच.

*

पाणी पिकायला लागलं. वरचा रंग आधी हिरवट, मग तांबूस. कडेला बोट बुडवून जिभेला लावलं की चटका बसतो. अजून सात दिवस कोरडे मिळाले तर पहिली साय धरेल. मग ती लांब दांड्याच्या फळीनं ओढून बांधावर आणायची. सात दिवस. चेळियन पहाटे उठून समुद्राकडे बघे, दुपारी बघे, पाणी प्यायला वाकला तरी मान वळवून बघे. पूंकोडी म्हणाली, "एवढं बघू नका. बोलावल्यासारखं होतंय."

त्यातल्या तिसऱ्या दिवशी आमदार आले.

गाडी रस्त्यावर राहिली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, चपला हातात. वय सहासष्ट. बांध निसरडा होता, म्हणून पक्षाचा माणूस मारिमुत्तु त्यांचा दंड धरून चालत होता. वाफ्यापाशी आल्यावर आमदारांचा पाय सरकला. चेळियननं झटकन फळीचा दांडा पुढे केला. तो धरून ते सावरले, पण त्यांचा पाय वाफ्याच्या काठात घोट्यापर्यंत गेला. काठ फुटला. कच्च्या पाण्याची एक जीभ पिकलेल्या पाण्यात शिरली. तांबूस पाणी गढूळ होत मधोमध गेलं.

आमदारांनी पाय झटकला. वाफ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. पूंकोडी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी काठ लिंपायला लागली.

"तंबी, नाव काय तुझं?"

"इळंचेळियन, अय्या."

"ते पोस्टरवर वाचलंय मी." ते हसले. मारिमुत्तु हसला. "घरी काय म्हणतात?"

"चेळियन."

"माझी आईही मला चेळियनच म्हणायची." त्यांनी कपाळावर हात धरून वाफ्यांवरून नजर फिरवली. डोळ्यांना पाणी आलं, इथं नव्या माणसाला येतंच. "हे नाव कोणी ठेवलं तुझं?"

चेळियन पायांकडे बघत म्हणाला, "तुम्हीच, अय्या."

"मी?"

"दुसऱ्या निवडणुकीच्या मिरवणुकीत."

आमदार विचारात पडले. खरंच आठवून बघत होते. "चार हजार तरी पोरांची नावं ठेवली असतील मी. पण स्वतःचं नाव कुणाला दिलं असेल असं वाटत नाही रे."

तोवर अंजलै ताकाचा पेला घेऊन धापा टाकत बांधावर पोचली होती. तिनं ते ऐकलं. "दिलंत, अय्या. माझ्या नवऱ्यानं पोरगं वर धरलं होतं. तुम्ही जीपवर होतात. गळ्यातला हार काढून टाकलात त्याच्यावर."

"हो हो," आमदार म्हणाले. "असेल."

त्यांनी ताक घेतलं, अर्धं प्यायलं, पेला परत दिला. अंजलै तो पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिली. उरलेलं ताक तिनं ओतलंही नाही, प्यायलंही नाही.

"मी तुझ्याकडे काही मागायला आलो नाही, तंबी," आमदार म्हणाले. "गेल्या वेळी सहाशे अकरानं आलो, त्याच्या आधी तीन हजारांनी, त्याच्या आधी सहा. उतरणीचा रस्ता मला दिसतोय. हरलो तर घरी बसेन, पाय दुखतात माझेही. पण लोक म्हणतील, इळंचेळियननं इळंचेळियनला पाडलं. मला हे नाव आता थोडीच वर्षं वापरायचंय. तुला अजून चाळीस वर्षं वापरायचंय."

मारिमुत्तु म्हणाला, "परवा तीन वाजेपर्यंत अर्ज मागे घेता येतो."

"आणि माझे वाफे?" चेळियननं विचारलं.

"मी मुदलाळींशी बोलेन," आमदार म्हणाले.

पूंकोडीनं चिखलाचे हात वर केले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मुदलाळी तुमचं ऐकत असते, अय्या, तर यांना उभं कशाला केलं असतं?"

चपला हातात धरून आमदार परत निघाले, या वेळी जास्त जपून.

*

निवडणूक पाचवी. विजय. सहा हजार दोनशे अठरा.
निवडणूक सहावी. विजय. दोन हजार नऊशे चोपन्न.
याच दोन मुदतींत नेय्दल्मेडुला दवाखान्याची खोली, गोड्या पाण्याचा नळ आणि मिठागरात घालायचे रबरी बूट मिळाले. बुटांत पाणी शिरलं की पाय जास्त सोलतात, म्हणून ते आम्ही दाराशी ठेवतो.

*

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, असं पूंकोडी नंतर म्हणाली. अंजलै भिंतीकडे तोंड करून बसली होती. चेळियननं विचारलं, "अम्मा, तू सांग."

"मी काय सांगू? त्यांना आठवत नाही."

"पण झालं होतं ना तसं?"

"मी होते तिथे. झालं होतं." मग ती म्हणाली, "असेल म्हणाले. मी काय ताक विकायला गेले होते?"

दुसऱ्या दिवशी फुटलेला वाफा निवळला. बाकीच्या पाचांत कडेला पांढरी रेघ दिसायला लागली. चेळियन दुपारभर त्या रेघेजवळ उकिडवा बसून होता. उठला तेव्हा पूंकोडीला म्हणाला, "उद्या जाऊन येतो."

"कुठे?"

"तालुक्याला."

तिला कळलं. ती फळी घासत होती, घासत राहिली. "पाच वाफ्यांना रेघ आलीय."

"बघितली."

"तुम्ही जा. पण मला विचारून गेलात असं कुणाला सांगू नका." मग ती घरात गेली, आणि त्याचा एकच चांगला सदरा होता तो धुऊन दोरीवर टाकला.

*

मारिमुत्तु मोटारसायकल घेऊन बाराला यायचा होता, तो एकला आला. पुलावर मिठाची लॉरी आडवी झाली होती. वरची ताडपत्री सुटून अर्धं मीठ रस्त्यावर सांडलेलं, दोन्ही बाजूंनी गाड्या. मारिमुत्तु हॉर्न वाजवत होता, शिव्या देत होता, घड्याळ बघत होता. चेळियन मागे बसून सांडलेलं मीठ बघत होता. जाड दाण्याचं होतं. लोक त्यावरून चाकं नेत होते.

कचेरीत पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. आत फक्त उमेदवाराला सोडत. मारिमुत्तुनं छापील कागद त्याच्या हातात कोंबला. "भरलेला आहे. खाली सही कर आणि दे. बाकी एक अक्षर बोलू नकोस."

कागदावर लिहिलं होतं: मी, अमुक मतदारसंघातून नामनिर्देशित उमेदवार, माझी उमेदवारी याद्वारे मागे घेत आहे.

आत पंखा होता, गार होतं. कारकुनानं पेन दिलं. बोटांच्या पेरांना चिरा होत्या, पेन धरलं की त्या उघडायच्या. चेळियननं सदऱ्याला बोटं पुसली, पेन धरलं, आणि सही केली. आजूबाजूला कोणी नव्हतं. काडीनं लिहून दाखवणारं कोणी नव्हतं. त्यानं आयुष्यभर जशी केली तशी केली.

कारकुनानं शिक्का मारला आणि वेळ टाकली. दोन वाजून एकावन्न मिनिटं.

बाहेर मारिमुत्तुनं त्याच्या पाठीवर थाप मारली, नन्नारीचं सरबत पाजलं. पहिल्यांदाच त्याला 'तंबी', धाकटा भाऊ, म्हणाला. चेळियननं विचारलं, "आता वाफ्यांचं आमदार बोलतील ना?" मारिमुत्तु म्हणाला, "बोलतील, बोलतील."

तीन वाजून पाच मिनिटांनी शिपायानं आतून नावानं हाक मारली. नाव ऐकून बाहेर बसलेले सगळे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं आमदार आलेत.

टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवले होते. अधिकाऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"ही सही कुणाची?"

"माझी, साहेब."

"आणि ही?"

"तीपण माझी."

"अर्जावर इरा. आहे. मागे घ्यायच्या कागदावर रा. आहे. दोन्ही तुझ्या कशा?"

चेळियननं दोन्हीकडे पाहिलं. अर्जावरची शिकवलेली आहे म्हणावं तर अर्ज कोणी भरायला लावला ते सांगावं लागेल. कागदावरची खरी आहे म्हणावं तर अर्जावरची खोटी ठरेल, आणि खोट्या सहीला काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. तुरुंग असेल असं वाटलं.

"बोल ना."

"एक इ राहिली, साहेब. आता लावतो." त्यानं हात पुढे केला.

अधिकाऱ्यानं कागद मागे ओढला, ओरडला नाही. "घड्याळ बघ," एवढंच म्हणाला.

*

निवडणूक आठवी. पराभव. फरक तीनशे अठ्ठ्याऐंशी. इरा. इळंचेळियन, अपक्ष, टेबलावरचा दिवा: एक हजार नऊशे चार मतं.

*

निकालाच्या आधीच पाऊस येऊन गेला होता. पंगुनी महिन्यातला, वीस मिनिटांचा. सगळ्यांचेच वाफे पातळ झाले. आम्ही ताडाच्या चटया घेऊन ढिगांवर पडलो. ज्यांचे ढीग झाले होते त्यांचं थोडं वाचलं. चेळियनचा ढीग सर्वांत मोठा होता, तोंडाचे वाफे म्हणून. पूंकोडी चटईवर पोटावर आडवी झाली होती, हातपाय पसरून, पाठीवर पाऊस घेत.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी सबेसन आला. सायकलवर मागे एक अनोळखी माणूस बसला होता.

"फळी, टोपल्या, चटया घ्या. कालव्याची फळी राहू दे, ती मुदलाळींची आहे."

"अण्णे, आमदार पडले ना," चेळियन म्हणाला. "मुदलाळींना पाहिजे होतं तेच झालं."

"झालं. पण तू मागे घ्यायला गेला होतास. शिक्का आहे, दोन एकावन्न."

"घेतला गेला नाही."

"तेच मुदलाळी म्हणाले. काम तुझ्यामुळे नाही झालं, तुझ्या चुकीमुळे झालं. चुकीला कोण वाफे देतं?"

अनोळखी माणूस खाली उतरला, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि मान हलवली. पिकलंय म्हणाला.

*

आमदार आता आमदार नव्हते, पण लोक म्हणत होतेच. चेळियन त्यांच्या घरी गेला ते अंजलैच्या सांगण्यावरून. तिला आता नळावर कोणी पुढे येऊ देत नव्हतं. पक्षाच्या घरांतल्या बायका घागर मध्ये ठेवून म्हणत, थांबा, मोठ्या पुढाऱ्यांची आई आली.

अंगणात दोन तास बसवलं. मारिमुत्तु येता-जाता त्याच्याकडे बघून थुंकत होता, त्याच्यावर नाही, बाजूला. एक जोडपं तान्ही मुलगी घेऊन आलं होतं. आमदारांनी तिचं नाव यळिलरसी ठेवलं, तिच्या मुठीत केळं दिलं. मग चेळियनला बोलावलं.

"लिही," त्यांनी कागद-पेन पुढे केलं. "तुझं नाव."

तो लिहायला लागला आणि थांबला. इ लावावी की नाही, कळेना. लावली तर म्हणतील, येत होती की. नाही लावली तर म्हणतील, अजून सोंग करतो. घाम कागदावर पडला. शेवटी त्यानं 'इळंचेळियन' एवढंच लिहिलं, पुढे काही नाही.

आमदारांनी कागद बराच वेळ धरला. "बापाला गाळलंस?" ते म्हणाले. "मला खरं सांग. विसरलास, की विसरायला लावलं?"

"मी माझी सही केली, अय्या."

"तीनशे अठ्ठ्याऐंशी," आमदार म्हणाले. ते त्याला नव्हतं. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

*

वैगासी महिना लागला. चेळियन आणि पूंकोडी आता रोजानं जातात, ज्याला माणूस हवा त्याच्याकडे. त्या आठवड्यात कालव्याच्या तोंडाच्या वाफ्यांवरच माणसं हवी होती. अनोळखी माणसाचं नाव आता आम्हाला माहीत झालं होतं. वाईट नव्हता, दुपारी भात देई. मीठ बोटाच्या पेरभर जाड धरलं होतं. तळ इतका घट्ट, की फळी ओढताना चिखलाचा एक ठिपका वर येत नव्हता.

"कोणी तुडवलंय?" त्या माणसानं सहज विचारलं.

"होते कोणीतरी," पूंकोडी म्हणाली.

दोघं समोरासमोर फळी ओढत होती. ऊन पांढरं होतं, खालूनही आणि वरूनही. बराच वेळ गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? सासूबाई नाहीत इथे."

"विचार."

"सही मुद्दाम केलीत का तशी?"

"नाही."

तिनं फळी ओढली. मीठ किरकिरत बांधापाशी आलं.

"मुद्दाम केली असतीत," ती म्हणाली, "आणि सबेसनला तसं सांगितलं असतंत, तर हे वाफे राहिले असते."

"हो."

"सुचलं नाही?"

"परत येताना पुलावर सुचलं होतं."

"मग?"

त्यानं फळीचा दांडा दुसऱ्या हातात घेतला. "मग काय. पुलावरून खाली आलो."

पूंकोडी त्याच्याकडे बघत राहिली. हसावं की फळी त्याच्या डोक्यात घालावी, ते तिचं ठरत नव्हतं. तो अनोळखी माणूस लांबून ओरडला, हात चालवा, समुद्रावर काहीतरी काळं दिसतंय. सगळ्यांनी माना वळवल्या. खरंच दिसत होतं, छोटं, एका टोपलीएवढं. दोघं वाकून जोरात ओढायला लागली. ते मीठ आता त्यांचं नव्हतं, तरी छातीत धडधड तीच होती.

*

मोजणीच्या दिवशी आमच्या नेय्दल्मेडुच्या मतदान केंद्राचं यंत्र उघडलं, तेव्हा टेबलावरच्या दिव्यासमोर शून्य होतं.